वाचक विचारतात : अस्वलांच्या रानात कमरेला काय असावं?

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षं अमेरिकेत मोंटाना राज्यात बोझमनला नोकरीला आहे, एच-वन-बी व्हिसावर. यंदा सप्टेंबरात तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर धनुष्यबाणाने एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणार आहे. त्या रानात ग्रिझली अस्वलं असतात, म्हणून मित्र त्याला रक्षणासाठी पिस्तूल घे म्हणतात. एक जण म्हणतो चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्वर, दुसरा म्हणतो दहा मिलिमीटरचं ग्लॉक. मुलाने आजवर एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे, तेवढीच. तुमचं सदर मी नेहमी वाचते, म्हणून तुम्हालाच विचारते. शिवाय आमच्या देवगडच्या कलमांत रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. त्यासाठी इथे एखादं पिस्तूल मिळेल का, असं यांचं विचारणं आहे.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, चव्वेचाळीस की दहा हे नंतर बघू. आज रात्रीच मुलाला फोन लावा आणि त्याने शिकारीचा परवाना काढलाय का ते विचारा. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक, पिस्तूल, अगदी एक काडतूससुद्धा जवळ बाळगायला मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला त्याच्या कामाचा एकच : तिथल्या एखाद्या राज्याचा, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही. नागरिकाला तर नाहीच. म्हणून ऑफिसातले मित्र हे सांगणार नाहीत, त्यांच्यावर कधी ती वेळच आलेली नसते. दुकानात घ्यायला गेला तर फॉर्मवर हा प्रश्न असतो. पण रानात मित्राने ‘जरा धर’ म्हणून आपलं पिस्तूल हातात दिलं, तर तिथे विचारणारं कोणी नसतं आणि कायदा मात्र तोच असतो.

मोंटानात परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि फेब्रुवारीअखेर संपतं. हंगाम नोव्हेंबरात आटोपला, पिस्तूल कपाटात राहिलं, मार्च उजाडला आणि परवाना नवा केलेला नाही, तर त्या दिवसापासून ते कपाटातलं पिस्तूल बेकायदा झालं. व्हिसाच्या तारखेइतकीच ही तारीखही त्याने जपायला हवी. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना तिथे शिकारीचं शिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि बाणाने शिकार करायची तर त्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तो करू दे. आणि पिस्तुलाचे पैसे भरण्याआधी, ज्या वकिलाने व्हिसाचं काम केलं त्याला एकदा विचारू दे.

आता अस्वल. मी फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात एकतीस वर्षं दुरुस्तीचं काम केलं. लेक-जावई मोंटानात असल्यामुळे दोन सप्टेंबर मी तिकडे काढले आणि दोन्ही वेळा जावयाबरोबर रानात गेलो. सप्टेंबरात नर एल्क माजावर असतो, शिट्टीसारखी लांब साद घालतो. बाणाचा शिकारी झाडीत दबून बसतो आणि मादीचा आवाज काढून त्याला जवळ बोलावतो. अंगाला वास नको, पायाचा आवाज नको, वारा समोरून हवा. अस्वलाला माणसाची चाहूल लागू नये यासाठी जे जे करता येईल ते सगळं तो करून बसलेला असतो, आणि वर खाद्याचा आवाज काढत असतो. ऑक्टोबर जवळ आला की ग्रिझली झोपेआधी चरबी साठवायला दिवसरात्र खात सुटतं. डोंगरात चालायला गेलेल्या माणसापेक्षा तुमच्या मुलाचा धोका वेगळा आहे तो यामुळे.

म्हणून पहिली खरेदी पिस्तुलाची नको, अस्वलाच्या स्प्रेची हवी. तिखटाच्या अर्काचा मोठा डबा असतो. सात-आठ मीटरपर्यंत त्याचा ढग जातो आणि सगळा मिळून तो सात-आठ सेकंद चालतो. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी अलास्कातल्या नोंदी तपासल्या. २००८ साली त्यांनी मांडलं की तपकिरी अस्वलांवर वापरला तेव्हा स्प्रेने ९२ टक्के वेळा काम केलं. ग्रिझली त्याच जातीचं. २०१२ साली त्यांनी बंदुकांच्या २६९ घटना पाहिल्या. त्यात पिस्तूल-रिव्हॉल्वर ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के यशस्वी ठरल्या. हे आकडे शेजारी ठेवून कोणी पैजा मारतं, ते मला पटत नाही. स्प्रेच्या नोंदींत नुसतं कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही आहेत, आणि बंदुकीच्या नोंदींत चाल करून आलेली जास्त. पण दुसऱ्या अभ्यासातली एक गोष्ट मी मुलाला पाठ करायला सांगेन : बंदूक जवळ असलेल्यांत जखमींचं प्रमाण, ज्यांनी बार काढला आणि ज्यांना काढता आला नाही, दोघांत सारखंच निघालं. स्प्रेला अचूक नेमाची गरज नसते, हात थरथरला तरी ढग समोर उभा राहतो. उलटा वारा असला किंवा अस्वल तंबूत शिरलं, तर मात्र त्याचा भरवसा कमी होतो. तिथे पिस्तुलाची जागा आहे. दोन्ही जवळ असावीत, आणि आधी कशाला हात घालायचा हे घरी ठरलेलं असावं.

आता चव्वेचाळीस की दहा.

चव्वेचाळीस मॅग्नमची गोळी साडेपंधरा ग्रॅमची, फार जोराची. रिव्हॉल्वरमध्ये सहा बार. त्याचा मोठा गुण असा की अस्वल अंगावर येऊन नळी त्याच्या केसांत रुतली, तरी चाप दाबला की बार निघतो. ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, अशा वेळी मागे ढकलली जाते आणि चाप दाबला तरी काही होत नाही. मनगट ढिलं पडलं तर ती अर्ध्यात अडकते तेही वेगळंच. पण चव्वेचाळीसचा धक्का असा असतो की नवख्याचा दुसरा बार आभाळात जातो. तिकडे हलक्या धातूची, जेमतेम सातशे ग्रॅम वजनाची चव्वेचाळीससुद्धा मिळते. खांद्याला बरं म्हणून लोक ती घेतात आणि एका दिवसात सहा बार काढून कपाटात ठेवतात. दुकानात मी हे आपल्याकडच्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्वरच्या बाबतीत वर्षानुवर्षं पाहिलं. मुंबईच्या खारट हवेत गंजलेली, एकदाही न वाजलेली रिव्हॉल्वरं माझ्या टेबलावर यायची, आणि मालकाला घोडा न चढवता नुसत्या चापाने बार काढताच यायचा नाही, कारण तो चाप जड असतो.

दहा मिलिमीटरची गोळी १९८३ साली आली. रानासाठी ती तेरा-चौदा ग्रॅमची घेतात. ताकद चव्वेचाळीसपेक्षा कमी, पण ग्लॉक २० मध्ये पंधरा बार बसतात, भरून वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास, आणि पहिला बार चुकला तर हात लवकर जागेवर येतो. ज्याने फक्त टू-टू चालवली आहे, त्याला मी दहाच घे म्हणेन. अनुभवी शिकारी असता तर चव्वेचाळीसला नाही म्हटलं नसतं. याहून मोठ्या गोळीच्या, चारशे चौपन्न आणि पाचशेच्या तोफा दुकानात मागे लटकलेल्या दिसतील, त्यांच्याकडे बघूही नये.

गोळी टोकाला पोकळ नको. ती माणसासाठी केलेली, आत जाऊन फुलते आणि लवकर थांबते. ग्रिझलीच्या चरबी-स्नायूंतून हाडापर्यंत जायला कडक शिशाची, चपट्या तोंडाची गोळी लागते. ग्लॉकच्या जुन्या घडणीच्या नळीत नुसतं शिसं साठतं, म्हणून सराव तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांनी करावा. रानात न्यायच्या गोळ्या मात्र आधी दोन मॅगझिनभर वाजवून, अडकत नाहीत याची खात्री करून, नळी साफ करून मगच भराव्यात.

पिस्तूल अंगावर कुठे असणार, यावर दुकानदार सहसा बोलत नाही. कमरेला लावलं तर पाठीवरच्या मोठ्या बॅगेचा पट्टा नेमका त्याच्यावर येतो. म्हणून तिकडे छातीवर बांधायचं म्यान वापरतात. रायफलवाल्यांना ते उत्तम. पण तुमचा मुलगा बाण मारणार आहे. धनुष्य पूर्ण ताणलं की दोरी छातीला लागून जाते, आणि छातीवरच्या दस्त्याला ती अडली तर बाण भलतीकडे जातो. माझ्या जावयाने म्यान तीन बोटं खाली, पोटाच्या वरच्या बाजूला, दोरीच्या विरुद्ध अंगाला आणलं, तेव्हा कुठे जमलं. मुलाला सांगा, म्यान दुकानातच अंगावर चढवून, बॅग पाठीला लावून, धनुष्य ताणून बघ. स्प्रे डाव्या हाताला येईल असा पट्ट्यावर हवा.

मग सराव. गावाबाहेरच्या मातीच्या बांधाकडे जावई आणि त्याचा मित्र मला घेऊन गेले. एका टायरवर अस्वलाचं चित्र चिकटवलेलं, टायरला लांब दोर, आणि दोर मित्राच्या चारचाकी मोटरसायकलला. ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे पळतं. तीस मीटर म्हणजे दोन सेकंद. माझ्या हातात स्टॉपवॉच. पहिल्या खेपेला जावयाचा अंगठा बॅगेच्या छातीवरच्या बकलात अडकला आणि टायर त्याच्या पायाशी येऊन थांबला तेव्हा पिस्तूल अजून म्यानातच होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने बकल चार बोटं वर सरकवलं. आठवडाभर रोज संध्याकाळी आम्ही तेच केलं, आधी रिकाम्या पिस्तुलाने, मग भरलेल्या. शेवटच्या दिवशी दोन सेकंदांत बाहेर काढून तीनपैकी दोन गोळ्या चित्रावर लागल्या. असा सराव जमणार नसेल, तर तुमच्या मुलाने पिस्तुलाचा नाद सोडून दोन स्प्रे घ्यावेत, हे मी अगदी मनापासून सांगतो. स्प्रेचेही सरावाचे, तिखट नसलेले डबे मिळतात.

त्याच मित्राची पुढच्या महिन्यातली गोष्ट. एल्क पडला होता. रक्ताने हात माखतात, छातीवरचं म्यान वाकताना आड येतं, म्हणून त्याने ते काढून बॅगेत ठेवलं आणि बॅग पंधरा पावलांवर झाडाला टेकवली. मान वर केली तेव्हा बॅगेच्या पलीकडे अस्वल उभं होतं. जावई दुसऱ्या बाजूला स्प्रे हातात घेऊन पहारा देत होता, दोघं एल्क सोडून पाय मागे घेत निघाले, म्हणून निभावलं. जनावर सोलताना एकाने सुरी धरायची आणि दुसऱ्याने फक्त आजूबाजूला बघायचं, हा नियम त्या घरात तेव्हापासून मोडलेला नाही.

आणि अस्वलावर बार काढावाच लागला तर? अलास्का सोडून अमेरिकेच्या सलग राज्यांत ग्रिझलीला १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. जीव वाचवण्यासाठी मारलं तर गुन्हा नाही, पण अधिकाऱ्यांना कळवावं लागतं आणि त्याचं नखसुद्धा घेता येत नाही.

आता साहेबांच्या प्रश्नाचं. डुकरांसाठी पिस्तूल मिळणार नाही, आणि मागूही नये. बत्तीस बोअरची सहा-साडेसहा ग्रॅमची गोळी डुकराला फक्त चिडवेल. शस्त्र कायद्यातच पीक-रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, देवगडकडे ती बऱ्याच घरांत होती आणि आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि पिकाचं नुकसान करणारं डुक्कर मारायलाही वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. जीवावर बेतलं तर स्वसंरक्षण चालतं. मात्र गावात ‘रान काढायला’ निघालेल्यांबरोबर साहेबांनी जाऊ नये. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज टाकावा.

शेवटचं मुलासाठीच. दिवाळीला घरी येताना त्याने शिकारीची बॅग आणू नये. स्प्रे तर विमानात हातातही चालत नाही आणि सामानातही. पण खरी भीती काडतुसाची. कप्प्याच्या शिवणीत सरावातलं एखादं काडतूस राहून जातं, मुंबईच्या विमानतळावर ते एक्स-रेत दिसतं आणि शस्त्र कायद्याखाली थेट पोलीस ठाणं. चुकून राहिलं हे पटवून देईपर्यंत सुट्टी आणि पासपोर्ट दोन्ही अडकून पडतात. नवी बॅग घेऊन ये म्हणावं. जुनीच आणायची असेल, तर प्रत्येक कप्पा उलटा करून, शिवणीतून बोट फिरवून, मगच कपडे भर म्हणावं.