‘भांडवलाचा परतावा’ म्हणजे कमाई की मुद्दल?

नागपुरात महालात राहणाऱ्या एका काकांनी विचारलंय: त्यांच्या रीटच्या (अनेकांचे पैसे एकत्र करून इमारतींत गुंतवणाऱ्या ट्रस्टच्या) पत्रकात व्याज आणि लाभांशाखाली ‘कर्जाची परतफेड’ असा रकाना आहे. “म्या कोनाले कर्ज देल्लं बाप्पा?” सल्लागार त्यालाच ‘भांडवलाचा परतावा’ म्हणतो. मग बरोबर शब्द कोणता?

कर्ज काकांनी नाही, ट्रस्टने दिलंय, इमारती ज्यांच्या नावावर आहेत त्या आपल्याच कंपन्यांना. त्यांनी फेडलेली रक्कम ट्रस्ट युनिटधारकांना, म्हणजे काकांसारख्या हिस्सेदारांना, वाटतो. म्हणजे रकाना पैसा आला कुठून तेवढं सांगतो; काकांच्या हाती तो काय म्हणून पडला, ते नाही.

‘परतावा’ तर जास्तच फसवा. ‘फंडाने 12 टक्के परतावा दिला’ यात तो कमाई असतो, ‘प्राप्तिकराचा परतावा’ यात आपलेच जास्तीचे भरलेले पैसे. ‘भांडवलाचा परतावा’ म्हटलं की भांडवलावर मिळालेलं काही की भांडवलच परत आलेलं, दोन्ही अर्थ लागतात. त्या एका ‘चा’ने सगळा घोळ होतो! ‘लाभांश’ही नको. लाभाचा अंश तो लाभांश, आणि इथे लाभच नाही.

मी ‘मुद्दल परत’ म्हणेन. “व्याज सोडा, मुद्दलही बुडालं” हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि हा शब्द कराचा हिशोबही बरोबर दाखवतो. 2023च्या वित्त कायद्यापासून ही रक्कम युनिटच्या खरेदी किमतीतून वजा होते. काकांनी मूळ विक्रीतच, म्हणजे थेट ट्रस्टकडून, 300 रुपयांना युनिट घेतलं आणि 2 रुपये मुद्दल परत आलं, तर त्या 2 रुपयांवर आज कर नाही, पण खरेदी किंमत 298 झाली. उद्या 340ला विकलं तर नफा 40 नव्हे, 42. अशी परत आलेली एकूण रक्कम मूळ विक्रीच्या किमतीपलीकडे गेली, तर वरची रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरतात. म्हणून वहीत ‘मुद्दल परत’चा रकाना वेगळा आखाच, काका.

म्युच्युअल फंडात मात्र हा शब्द नेऊ नका. 1 एप्रिल 2021पासून बाजार नियामक सेबीने तिथल्या ‘डिव्हिडंड’ पर्यायाचं नाव बदलून त्यात उत्पन्नाच्या वाटपासोबत भांडवल काढून घेणंही आणलं. नाव प्रामाणिक झालं, पण हाती येणाऱ्या सगळ्याच रकमेवर आपल्या स्लॅबप्रमाणे कर लागतो.