‘सार्वत्रिक फ्लू लस’: सार्वत्रिक म्हणजे नेमकं काय?

गुहागरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: ‘सार्वत्रिक फ्लू लस दृष्टिपथात’ अशी बातमी वाचली. वाडीतल्या आशाताई म्हणाल्या, म्हणजे आता ही सगळ्यांना टोचणार. खरं का? आणि जुनी माणसं ‘मानमोडी’ म्हणायची, तो हाच फ्लू का?

आशाताईंना दोष देता येत नाही. ‘सार्वत्रिक लसीकरण’ हा सरकारी कार्यक्रम १९८५पासूनचा, आणि तिथे सार्वत्रिक म्हणजे गावातलं एकही बाळ सुटता कामा नये. बातमीतलं ‘सार्वत्रिक’ मात्र माणसांना लागू नाही, विषाणूला आहे. फ्लूच्या कुठल्याही प्रकारावर चालेल अशी एकच लस, एवढंच बातमीला म्हणायचंय.

अशी लस हवी कशाला? सध्याची दरवर्षी बदलावी लागते म्हणून. त्यात कुठले प्रकार घालायचे, हे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात सुचवते. पुढे उत्पादनात महिने जातात. या विषाणूच्या अंगावरचे काटे पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे असतात, वर डोकं आणि खाली देठ. आपलं शरीर मुख्यतः डोकं ओळखायला शिकतं, आणि नेमकं तेच सारखं बदलतं. देठ फारसा बदलत नाही, म्हणून काही संशोधक देठावर नेम धरून लस बनवताहेत. दुसरी वाट अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२मध्ये दाखवली: एमआरएनए तंत्राच्या (म्हणजे विषाणूचा तुकडा कसा बनवायचा, ती कृतीच शरीराला देणाऱ्या) एकाच लशीत फ्लूच्या २० प्रकारांचे नमुने. लशीशी तंतोतंत न जुळणारा विषाणू दिला तरी प्राण्यांमध्ये आजार सौम्य राहिला, मृत्यू कमी झाले. पण ते प्राणी म्हणजे उंदीर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी), तेव्हा ‘दृष्टिपथात’ हा शब्द जरा बेतानेच घ्यावा. शिवाय ‘प्रतिबंधक’ म्हटलं की आपल्याला वाटतं लागणच होणार नाही. इथली मुख्य आशा आहे ती माणूस दगावू नये ही.

महासाथ लशीसाठी थांबत नाही. २००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला. देशी बनावटीची लस आली २०१०मध्ये. सगळी धडपड आहे ती हा उशीर टाळण्यासाठी.

मग म्हणायचं काय? बियाण्याला आपण ‘वाण’ म्हणतो, तसं ‘सर्ववाणी लस’ सुचलं होतं, पण ती वाण्यांनी काढलेली वाटेल! ‘सर्व फ्लूंवरची एकच लस’ म्हणावं. नाव लांब आहे खरं, पण आशाताईंना दुसऱ्यांदा विचारावं लागणार नाही. काही जण फ्लूला ‘शीतज्वर’ लिहितात, ते मला मुळीच पटत नाही. शीत म्हणजे हिव, ज्वर म्हणजे ताप. झाला की हिवताप, आणि तो तर डासांचा मलेरिया! ‘फ्लू’ मराठीत केव्हाच रुळलाय, तोच ठेवावा.

आता मानमोडी. होय, १९१८च्या इन्फ्लुएन्झाला दिलेलं हे नाव. ताप आणि अंगदुखी अशी की मान वर धरवेना. जूनमध्ये मुंबईत साथ दिसली, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली आणि ती कितीतरी जीवघेणी ठरली. देशभरात मिळून एक कोटीहून जास्त माणसं गेल्याचा अंदाज आहे. तेव्हा घरात कोणी ‘मानमोडीच्या साली’ जन्मल्याचं सांगत असेल, तर ते साल १९१८ धरायला हरकत नाही.