न्यूयॉर्कला बास घेऊन येऊ पाहणाऱ्या वादकास

आपण विचारले आहे की, बरीच वर्षे जॅझमध्ये डबल बास हे माणसाएवढे उंच तंतुवाद्य वाजवल्यानंतर पत्नी आणि शाळकरी मुलीसह न्यूयॉर्कला स्थलांतर करावे का, तेथे काम मिळते का आणि वाद्य सोबत आणावे का. व्हिसाचे प्रकार, शुल्क आणि मुदती सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेल्या आहेत. त्यांची उजळणी मी करत नाही.

कलावंतांच्या ओ-वन व्हिसाचा अर्ज स्वतःच्या नावाने करता येत नाही. तो अमेरिकेतील मालकाने किंवा एजंटाने करायचा असतो. एवढे जमते. खरी अडचण पुराव्यांची आहे. नामांकित कार्यक्रमांत आपली भूमिका प्रमुख होती, समीक्षकांनी दखल घेतली, असे काही दाखवावे लागते, आणि बासवादकाचे सगळे शिक्षण तर याच्या उलट झालेले असते. लय डगमगू न देणे, योग्य क्षणी योग्य खालचा स्वर ठेवणे आणि पुढच्या सॅक्सोफोनवाल्याला निर्धास्त करणे एवढे साधले की श्रोता आपल्याला विसरतो, आणि ते विसरणे हीच आपल्याला मिळालेली दाद असते. माझ्या फाइलमधील परीक्षणांत माझे नाव बहुधा शेवटच्या ओळीत होते. वकिलाने त्या ओळी पिवळ्या रंगाने ठळक केल्या, तेव्हा पानेच्या पाने कोरी असल्यासारखी वाटली. बासवादक रॉन कार्टर यांच्या 2,221 ध्वनिमुद्रणांची 2015 मध्ये गिनेसने विक्रम म्हणून नोंद घेतली, पण त्यांतील बहुतेकांच्या आवरणावर मोठ्या अक्षरांत दुसऱ्याच कोणाचे नाव आहे. बासवादक पॉल चेंबर्स 1955 पासून 1963 पर्यंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या मागे उभे राहिले. त्यांना या अर्जात ‘प्रमुख’ कसे ठरवले असते, या विचाराने मला हसू येते आणि रागही येतो.

वाद्याबाबत थोडक्यात सांगतो. मान सुटी करता येणारा बास असेल तरच विमानाने आणा. साधा बास कठीण पेटीत घातला की वजन 32 किलोच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर सहज जाते आणि आकारावरून वाद होतो तो वेगळाच. गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो गज मागेच ठेवा. 2014 मध्ये अमेरिकेने नियम कडक केले आहेत.

काम मिळते, पण ते फोनवर मिळते. प्रत्येक बासवादकाकडे बदली वादकांची यादी असते, नवा माणूस तिच्या तळाशी जातो आणि जॅम सेशनला, म्हणजे जमतील त्या वादकांनी आयत्या वेळी वाजवायच्या बैठकीला, रात्रीमागून रात्र हजेरी लावत वर सरकतो. इंग्लंडचे बासवादक डेव्ह हॉलंड यांना 1968 मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये माइल्स यांनी ऐकले आणि बोलावून घेतले, ही कथा आम्हां सर्वांना पाठ आहे, आणि तिने अनेकांना उगाच आशेला लावले आहे, कारण हॉलंड यांना बोलावणे आले होते आणि आपल्यासारखे लोक बोलावल्याशिवाय येतात. हल्ली मला डेन्मार्कचे बासवादक नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन अधिक आठवतात. सतराव्या वर्षी अमेरिकी बँडप्रमुख काउंट बेसी यांचे निमंत्रण येऊनही ते कोपनहेगनलाच राहिले, आणि तेथील माँमार्त्र क्लबात येणाऱ्या अमेरिकी वादकांना साथ करीत जगाला माहीत झाले. मी घरी राहिलो असतो तर तसे काही घडले नसते, हे मला कळते. तरीही रिकाम्या आठवड्यात हा हिशेब मी पुन्हा मांडतो आणि तो दर वेळी वेगळा येतो.

शाळेविषयी आपण विचारलेले नाही. मी मात्र सांगणार आहे. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता, हे फॉर्मवर लिहावे लागते. मी मराठी लिहिले, कारण तेच खरे होते. त्यावरून चाचणी झाली, परक्या माणसापुढे माझा मुलगा गप्प बसला, आणि इंग्रजी पुस्तके आवडीने वाचणाऱ्या त्या मुलाला नवशिक्यांच्या इंग्रजी तासिकांना बसवले. तेही मी सोसले असते, पण त्या तासिका नेमक्या वाद्यवृंदाच्या वेळेला होत्या. मी पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. वेळापत्रक वर्षभराचे ठरलेले आहे, असे मला हसतमुखाने सांगण्यात आले. तासिका सुटल्या तोपर्यंत वाद्यवृंदातील चेलोची जागा भरली होती आणि मुलाची इच्छाही ओसरली होती. तो आता त्याविषयी काही बोलत नाही. राग माझाच आहे. मुलीच्या प्रवेशाआधी वेळापत्रक लेखी मागून घ्या.

एकटेपणाविषयी लोक फार लिहितात. रात्री काम करणाऱ्याला दिवसा झोप येते, एवढेच माझे म्हणणे. पत्नीचे तसे नाही. ओ-वनवाल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या ओ-थ्री व्हिसावर तिला शिकता येते, नोकरी करता येत नाही. ही अट वाचून आम्ही दोघांनी मान डोलावली होती. मी झोपलेला असताना तिच्या दुपारी कशा गेल्या, हे मी पुष्कळ उशिरा विचारले, आणि तिने दिलेले उत्तर येथे लिहिणार नाही. आपण निघण्याआधी आपल्या पत्नीला विचारा, आणि ती लगेच ‘चालेल’ म्हणाली तर पुन्हा विचारा.

आपले ध्वनिमुद्रण पाठवा. वादन पटले तर शिफारसपत्र मी देईन. त्यात आपण प्रमुख कलावंत आहात, असेच लिहावे लागेल; साथ उत्तम करता, हे आपल्याला वेगळे कळवीन.