शोनेन हा कथेचा प्रकार नव्हे

प्रश्न असा आला आहे : "माझी नववीतली भाची सारखी म्हणते, मला शोनेन आवडतं, शोजो नाही. शोनेन म्हणजे मारामारीच्या गोष्टी आणि शोजो म्हणजे प्रेमकथा, असं समजायचं का? लिहायचं कसं, मंगा, मांगा की मँगा? आणि ती स्वतःला ओताकू म्हणवते. हे कौतुकाचं समजायचं की काळजीचं?"

तिन्ही प्रश्न मला मनापासून आवडले. हे शब्द आता आपल्या घरांत रोज बोलले जातात, पण बहुतेक वेळा ते इंग्रजी संकेतस्थळांच्या वाटेने येतात आणि वाटेत त्यांचा अर्थही बदलतो, उच्चारही. आपल्याकडे देवनागरी आहे. ते थेट जपानीतून घेता येतात आणि तसेच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी शोनेन. या शब्दात दोन कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अर्थवाही अक्षरं, आहेत. पहिलीचा अर्थ 'थोडं', दुसरीचा 'वर्ष'. थोड्या वर्षांचा तो शोनेन, म्हणजे मुलगा. गंमत अशी की जपानच्या बालगुन्हेगारीविषयक कायद्यात वीस वर्षांखालच्या कुणालाही, मुलीलासुद्धा, शोनेनच म्हणतात. बोलताना मात्र अर्थ मुलगा. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका पाहिलेल्या पिढीने हा शब्द नकळत ओलांडलेला आहे. ती मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झाली आणि तिच्या मूळ नावात 'शोनेन मोगुरी' असे शब्द होते. मोगली नावाचा मुलगा, एवढाच त्याचा अर्थ.

मग हा शब्द मंगाला, म्हणजे जपानी चित्रकथांना, कसा चिकटला? मासिकांमुळे. जपानमध्ये मुलांची आणि मुलींची मासिकं वेगळी काढायची पद्धत मंगाच्या आजच्या रूपाहून जुनी आहे. 'शोनेन सेकाई', म्हणजे मुलांचं जग, हे मासिक १८९५ साली निघालं, तर 'शोज्योकाई' हे मुलींसाठीचं १९०२ साली. पुढे चित्रकथांची साप्ताहिकं आली तेव्हा हीच विभागणी चालू राहिली. 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिकं १९५९ साली एकाच दिवशी, १७ मार्चला, बाजारात आली. 'शोनेन जंप' १९६८ साली सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याचा खप आठवड्याला पासष्ट लाखांच्या वर गेला होता. दुकानात मासिक कुठल्या फळीवर ठेवायचं, जाहिराती कुणाच्या घ्यायच्या, हे या शब्दांवरून ठरतं. तेव्हा शोनेन, शोज्यो (मुलगी; प्रश्नातलं शोजो ते हेच), सेइनेन (तरुण पुरुष) आणि ज्योसेइ (स्त्री) हे चारही शब्द सांगतात की कथा कोणत्या वाचकासाठीच्या मासिकात छापली गेली. कथेत काय आहे, हे ते सांगत नाहीत.

याचा सर्वांत चांगला दाखला आपल्या दिवाणखान्यातच आहे : शिनचॅन. भारतात तो लहान मुलांच्या वाहिनीवर आला, म्हणून आपण त्याला मुलांचा कार्यक्रम समजलो. पण मूळ मंगा १९९० साली 'मंगा अ‍ॅक्शन' या साप्ताहिकात सुरू झाला आणि ते साप्ताहिक मोठ्या पुरुषांसाठीचं होतं, म्हणजे सेइनेन. पाच वर्षांचा पोरगा आईबापांची, शेजाऱ्यांची आणि घरकर्जाची कशी फजिती करतो, हे घरकर्ज फेडणाऱ्या माणसाने वाचून हसावं म्हणून लिहिलेलं आहे ते. आपल्याकडे त्याच्यावरून पालक वैतागले आणि २००८ साली त्याचं प्रसारण काही काळ थांबवलंही गेलं, त्याचं मूळ मला या घोटाळ्यात दिसतं. नायक लहान आहे, पण वाचक लहान धरलेला नव्हता. डोरेमॉनचं त्याच्या अगदी उलट. तो १९७० सालच्या जानेवारी अंकांपासून शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या इयत्तावार मासिकांत आला. बालवाडीचं वेगळं, पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, अशी ती मासिकं. त्यामुळे तो शोनेनही नव्हे, त्याहून लहानांसाठीचा. जपानीत त्याला 'कोदोमोमुके', मुलांसाठीचं, म्हणतात.

शोज्यो म्हणजे प्रेमकथा हेही तितकंच अपुरं आहे. सत्तरच्या दशकात हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको अशा चित्रकर्त्या पुढे आल्या. त्यांचा जन्म जपानच्या शोवा कालगणनेच्या २४व्या वर्षाच्या, म्हणजे १९४९च्या आसपासचा, म्हणून त्यांना '२४ सालचा गट' असं नाव पडलं. या बायकांनी मुलींच्या मासिकांत काय काय आणलं! १९७५ साली हागिओंनी 'बेस्सात्सु शोज्यो कॉमिक'मध्ये 'ज्यूइचिनिन इरु!' (अकरा जण आहेत!) ही विज्ञानकथा लिहिली. अंतराळयानात परीक्षेसाठी दहा उमेदवार पाठवलेले असतात आणि मोजल्यावर निघतात अकरा. संशय, यंत्रं, बंद यान, स्त्री-पुरुष या भेदाविषयीचे प्रश्न, सगळं त्यात आहे आणि तरीही ते शोज्योच. भाचीला 'शोज्यो नाही आवडत' म्हणण्याआधी हे जरूर वाचायला द्या.

एकच कथा मध्येच फळी बदलते असंही घडतं. व्हायकिंगांवरची 'विनलँड सागा' २००५ साली 'शोनेन मॅगझिन'मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी 'आफ्टरनून' या सेइनेन मासिकात गेली. चित्रकार तोच, नायक तोच, तलवारीही त्याच. आठवड्याऐवजी महिन्याने येऊ लागली आणि शोनेनची सेइनेन झाली. कथाप्रकार असता तर असं एका रात्रीत बदलला नसता.

ओळखायची एक खूण मात्र पानावरच सापडते. जपानी मंगाचं पान जवळून पाहा. शोनेन आणि शोज्यो मासिकांत जवळपास प्रत्येक कांजीच्या उजव्या अंगाला बारीक अक्षरांत तिचा उच्चार छापलेला असतो. त्याला 'फुरिगाना' म्हणतात. शोनेन या शब्दाशेजारी 'शो-उ-ने-न' अशी चिमुकली काना अक्षरं दिसतील. शाळेत अजून सगळी कांजी शिकून न झालेला वाचक गृहीत धरलेला आहे, हे त्यावरून कळतं. मोठ्यांच्या बऱ्याच मासिकांत ही सोय फक्त अवघड शब्दांपुरती असते.

पालक म्हणून एक गोष्ट लक्षात असू द्या. 'सेइनेन' या उच्चाराचे जपानीत दोन वेगळे शब्द आहेत. एक तरुण, दुसरा कायद्याने सज्ञान. मासिकांच्या वर्गवारीतला सेइनेन हा पहिला. 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का असतो तो दुसऱ्याचा. लिपीत ते स्वच्छ वेगळे दिसतात, कानाला एकच. त्यामुळे भाचीच्या यादीत सेइनेन दिसलं म्हणून एकदम दचकू नका, आणि शोनेन दिसलं म्हणून निश्चिंतही राहू नका. माणसांना गिळणाऱ्या महाकाय राक्षसांची जगभर गाजलेली मालिका २००९ ते २०२१ 'बेस्सात्सु शोनेन मॅगझिन'मध्येच चालली.

आता लेखन. मी वर 'शोज्यो' लिहिलं, 'शोजो' नाही, त्याला कारण आपलं मराठी आहे. आपल्याकडे च आणि ज दोन-दोन आहेत. जीव, जन्म यांतला ज वेगळा, जोर, जोडा यांतला वेगळा. 'शोजो' समोर आलं की मराठी जीभ सहज जोरातला ज लावते. जपानी उच्चार तसा नाही, तो ज्योतमधल्यासारखा आहे. म्हणून ज्यो. हिंदी वाचकाला हा प्रश्नच पडत नाही, त्याच्याकडे एकच ज आहे. पण जे आपल्याला इथे अडतं तेच दुसरीकडे कामी येतं. जपानीतला 'त्सु' हा आपल्या चूल, चुना यांतल्या चुच्या इतका जवळ आहे की मराठी माणसाला तो वेगळा शिकवावा लागत नाही. लिहिताना 'त्सु'च ठेवावा, नाहीतर वाचणारा चुकून चिमणीतला च लावेल, पण तोंडातून मोकळेपणाने चुलीतला च येऊ द्यावा.

स्वरांची लांबी हा खरा अवघड भाग. जपानीत लांबीने अर्थ बदलतो. 'शोज्यो'तला पहिला ओ लांबवला तर मुलगी, आखूड ठेवला तर कुमारिका. आपल्या ओला ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, त्यामुळे दोन्ही सारखेच लिहिले जातात. रोजच्या लेखनात संदर्भ सांभाळून घेतो. फरक दाखवायचाच असेल तेव्हा अवग्रह वापरावा : शोऽज्यो. 'अगंऽऽ' लिहिताना आपण तेच करतो. जपानी काताकाना लिपीतही लांबवलेल्या स्वरापुढे एक आडवी रेघ देतात, तिचं काम हेच.

याच न्यायाने मी 'मंगा' लिहितो. मूळ शब्दातला पहिला आ आखूड आहे, मांगा लिहिलं की तो लांबतो. शिवाय विभक्ती लागली की मराठीतल्या एका वेगळ्याच शब्दाशी गल्लत होते. मँगा तर सरळ इंग्रजी कानाने ऐकलेला आहे. शब्द जुना आहे. होकुसाई या चित्रकाराचे 'होकुसाई मंगा' नावाचे रेखाटनसंग्रह १८१४पासून निघू लागले, तेव्हा त्याचा अर्थ होता मनात येतील तशी काढलेली चित्रं. आजचा चित्रकथेचा अर्थ विसाव्या शतकातला. तीच दोन अक्षरं चिनीत 'मान्हुआ' आणि कोरियनमध्ये 'मान्ह्वा' अशी उच्चारतात.

अ‍ॅनिमेबद्दल मी हट्ट धरत नाही. जपानी उच्चार आनिमेच्या जवळचा आहे, पण अ‍ॅनिमे रुळला आहे, राहू द्या. शेवटचा 'मे' मात्र पूर्ण म्हणा, अ‍ॅनिम करू नका. अर्थही ध्यानात ठेवा. हा शब्द अ‍ॅनिमेशनचंच तोडलेलं रूप आहे आणि जपानमध्ये कुठल्याही देशाच्या चलत्चित्राला तो लावतात. 'फक्त जपानी तेच अ‍ॅनिमे' हा अर्थ जपानबाहेर घडला. 'मेका'चंही तसंच. आपल्याकडची मुलं मेका म्हणजे महाकाय यंत्रमानव समजतात. जपानीत कुठलंही यंत्र, गाडी, विमान, हत्यार मेकात येतं आणि त्या मालिकांना तिथे सरळ 'रोबोत्तो अ‍ॅनिमे' म्हणतात.

शिनचॅनचं नावही जाता जाता उलगडतो. नाव आहे शिन्नोसुके. त्याचं तोडून शिन आणि पुढे लाडाचा प्रत्यय चान. डोरेमॉन नोबिताला 'नोबिता-कुन' म्हणतो, नोबिता 'शिझुका-चान' म्हणतो, आणि शिझुका त्याला 'नोबिता-सान' म्हणते. बरोबरीच्या मुलाला आदराचं सान लावणारी ही मुलगी केवढी वळणाची आहे, ते या एका प्रत्ययात कळतं. हिंदी भाषांतरात हे सगळं गळून जातं, याची मला फार रुखरुख वाटते.

आता ओताकू. 'ताकू' म्हणजे घर, आधी लागलेला 'ओ' आदरार्थी. आपलं घर. त्यावरून जपानीत ते समोरच्याला दुरून, अदबीने 'आपण' म्हणायचं सर्वनाम झालं. ऐंशीच्या दशकात अ‍ॅनिमे-मंगाचे शौकीन संमेलनांत एकमेकांशी बोलताना हेच सर्वनाम वापरत. नाकामोरी आकिओ या लेखकाने १९८३ साली 'मंगा बुरिक्को' मासिकातल्या सदरात त्यावरून त्यांना ओताकू म्हटलं आणि संबोधनाचं नाम झालं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. नवऱ्याला हाक मारायचा 'अहो' आपल्याकडे 'आमचे अहो' असं नाम होऊन बसलाच आहे. वाट तीच.

पण ओताकूच्या वाट्याला पुढे वाईट दिवस आले. १९८९ साली लहान मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात एका तरुणाला अटक झाली, त्याच्या खोलीत चित्रफितींचे ढीग सापडले आणि वृत्तपत्रांनी या शब्दावर काळा शिक्का मारला. कित्येक निरुपद्रवी, लाजाळू मुलांना तो शिक्का वर्षानुवर्षं वागवावा लागला, हे अन्यायाचंच होतं. २००४-०५च्या सुमारास एका ओताकूची प्रेमकथा पुस्तक, चित्रपट, मालिका अशा रूपांत गाजली तेव्हा धार बरीच बोथट झाली. आज जपानमध्ये रेल्वेवेड्यांनाही 'तेत्सुदो ओताकू' म्हणतात. तेव्हा भाचीने स्वतःला म्हणवून घेणं कौतुकाचंच आहे, काळजी करू नका. फक्त उद्या ती जपानला गेली तर अनोळखी माणसाला तुम्ही ओताकू का, असं तिने विचारू नये. तिथे तो अजून आपणहून लावून घ्यायचा शब्द आहे, दुसऱ्याला चिकटवायचा नाही.

तिच्या तोंडी 'त्सुंदेरे'ही येत असेलच. त्याची फोड मराठी माणसाला सांगायला मला फार आवडतं, कारण अनुकरणवाचक शब्दांची हौस दोन्ही भाषांना सारखीच. 'त्सुनत्सुन' म्हणजे फणकाऱ्याने, नाक वर करून वागणं. 'देरेदेरे' म्हणजे लाडात येऊन पार विरघळणं. दोन्हींचे अर्धे तुकडे जोडून त्सुंदेरे, वरून फणकारा आणि आतून जीव टाकणारं पात्र. मंगाच्या पानांवर असे जोडशब्द चित्राचाच भाग म्हणून रेखाटलेले असतात : छातीत 'दोकिदोकि' म्हणजे धडधड, चांदण्यांचं 'किराकिरा' म्हणजे लखलख, मेघांचं 'गोरोगोरो' म्हणजे गडगड. पिकाचूतला 'पिका' हाही तसाच, झटकन चमकणं, आणि 'चू' हा उंदराचा आवाज. मराठीत मंगाचे अनुवाद करायचे झाले तर ही अक्षरं इंग्रजीवरून उचलायची गरज नाही, आपल्याकडे भांडार भरलेलं आहे.

राहिलं लिंग आणि सामान्यरूप. मुलं 'कुठला मंगा वाचतोयस' असं पुल्लिंगी बोलतात, तेच ठेवावं. कॅमेरा मराठीत येऊन कॅमेऱ्यात झाला, सोफा सोफ्यावर झाला. मंगा अजून तसा वळलेला नाही. मंगामध्ये, मंगाचा असंच बोललं जातं आणि सध्या लिहितानाही तेच ठीक, कारण मंग्या म्हटलं की आपल्याला मंगेश आठवतो. जपानीत नामाला बहुधा वेगळं अनेकवचन नसतं, म्हणून एक मंगा, दहा मंगा.