चेंबर फुटलंय, ऑइलचा लाल दिवा लागलाय, गॅरेज ४ किलोमीटरवर आहे, ऑइल ओतत ओतत हळू नेली तर चालेल का?

नका नेऊ. अर्धा किलोमीटर पण नका नेऊ, आणि "बघू तरी" म्हणून स्टार्टर पण मारू नका.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या ट्रकमधून पडलेला लोखंडी तुकडा चुकवता आला नाही, खालून धाडकन आवाज आला, पाचेक मिनिटांनी लाल दिवा लागला, आता गाडी कडेला बंद आहे, खाली काळं तेल गळतंय आणि डिकीत २ लिटरचा डबा आहे. गाडी कशीबशी पोचेलही हो, पण इंजिन कामातून जाईल. मी हे स्वतः भोगलंय म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय.

चेंबर म्हणजे इंजिनच्या अगदी तळाचा तेलाचा डबा, साध्या कारमध्ये त्यात साधारण साडेतीन ते पाच लिटर ऑइल असतं. पंप तिथूनच जाळी लावलेल्या नळीने तेल ओढतो आणि प्रेशरने क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगपर्यंत (तो ज्यात फिरतो त्या वाट्या) पोचवतो. इंजिन फिरताना क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकलेले नसतातच, मधे केसापेक्षा पातळ असा तेलाचा थर असतो आणि सगळा भार त्या थरावर. तो गेला की धातूवर धातू घासतो. आता तुमचे ४ किलोमीटर धरा, ३० च्या स्पीडने ८ मिनिटं, १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरले तरी क्रँकचे १२ हजार फेरे होतात, आणि ते कोरडे. हळू चालवल्याने काही वाचत नाही, उलट जास्त वेळ घासत राहतं.

डब्यातलं तेल ओतायचं म्हणाल तर भोक तळाला आहे, वरून ओतलेलं खालून जाणार, शिवाय ते गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर धूर होतो, पेट पण घेऊ शकतं. आणि लाल दिवा तेल कमी झालं एवढंच सांगतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. तो प्रेशरचा दिवा आहे. पळत्या गाडीत प्रेशर २ ते ४ बार वगैरे असतं आणि दिवा लागतो ते जवळजवळ संपल्यावर, म्हणजे तो लागला तेव्हाच उशीर झालेला असतो. लेव्हलचा पिवळा दिवा वेगळा, तो सगळ्या गाड्यांना नसतो.

माझ्या वेळी रात्र होती आणि पाऊस, रस्त्यावरचा दगड खाली लागला, आवाज आला पण गाडी नीट पळत होती म्हणून मी थांबलो नाही. दहा मिनिटांनी वळणावर दिवा लागला आणि वळण संपल्यावर विझला, पुढच्या वळणावर परत तेच. मला वाटलं वायर लूज असेल. खरं काय होत होतं तर उरलेलं थोडं तेल वळणावर एका बाजूला जायचं आणि पंप हवा ओढायचा. मग वरून शिलाई मशीनसारखी टिकटिक सुरू झाली, आणि थोड्या वेळाने खालून जड ठक ठक, अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढणारी. तो आवाज आला म्हणजे बेअरिंग गेलं. मेकॅनिकने नंतर बेअरिंगच्या वाट्या पेपरवर मांडून दाखवल्या, ज्या राखाडी गुळगुळीत असायला हव्यात त्यांचा वरचा थर जाऊन आतलं तांबूस दिसत होतं आणि एक तर काळीनिळी पडून क्रँकवर फिरलेली. चेंबरची चीर बघितली तर अंगठ्याच्या नखाएवढी. तेव्हाच थांबलो असतो तर चेंबर बदलून एका दिवसात गाडी मिळाली असती, ती तीन आठवडे उघडी पडून होती, क्रँक ग्राइंडिंगला गेला तो वेगळाच.

आता तुम्ही काय करायचं. पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) चालू, मागे लांबवर त्रिकोण ठेवा, माणसं गाडीपासून बाजूला उभी करा. रस्त्यावर सांडलेल्या तेलावर माती किंवा वाळू टाका प्लीज, टूव्हीलरवाला त्याच्यावरून सरळ घसरतो. खाली बघायचं तर मोबाइलचा टॉर्च लावून बाहेरूनच बघा, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली अजिबात शिरू नका. फोटो काढून ठेवा, तेलाचा, तुकड्याचा, खालच्या बाजूचा, कारण बऱ्याच पॉलिसीत धडकेने फुटलेलं चेंबर धरतात पण त्यानंतर तशीच चालवून गेलेलं इंजिन धरत नाहीत. मग टोइंग बोलवा, शक्यतो पूर्ण गाडी वर चढवून नेणारं, ऑटोमॅटिक किंवा फोर व्हील ड्राइव्ह असेल तर तेच.

एकच अपवाद आहे. ड्रेनचा नट (जुनं तेल काढायचा चेंबरच्या तळाचा) जागेवर आहे, नुसता ढिला झालाय आणि चेंबरला चीर नाही अशी खात्री असेल तर इंजिन थंड झाल्यावर नट आवळून, योग्य ग्रेडचं ऑइल डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरून स्टार्ट करता येतं, दिवा दोन-चार सेकंदात विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. दोन पुड्या मळून लावायचं एपॉक्सी कोणी सुचवेल, पण तेलकट धातूवर ते धरत नाही आणि सुकायलाही वेळ लागतो, त्याच्या भरवशावर गाडी पळवू नका.

गॅरेजमध्ये चेंबर खोलायलाच लावा. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर ते तडकतं, पत्र्याचं असेल तर आत दबतं, आणि हा पोचा फसवा असतो, गळती नसली तरी तळ वर येऊन त्या नळीच्या जाळीला टेकला तर पंपाला तेलच मिळत नाही. म्हणून जाळी आणि नळी बघायला सांगा, जुन्या तेलात चमकी दिसते का ते स्वतः उजेडात धरून बघा. लोहचुंबक फिरवून काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, बेअरिंगच्या घासणाऱ्या थराचा धातू चुंबकाला चिकटत नाही. फिल्टर नवीन, ड्रेन नटचा वॉशर नवीन. चेंबर बसवताना सांध्याला सीलंट लावला असेल तर तो सुकायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्या, घाईत तेल भरलं की दोन दिवसांनी परत पाझरतं.

आणि दिवा लागल्यापासून इंजिन बंद करेपर्यंत किती वेळ गेला ते आठवून मेकॅनिकला अगदी खरं सांगा, कमी करून सांगू नका, बेअरिंग उघडून बघायचं की नाही हे तो त्यावरूनच ठरवणार आहे.