प्रिंट नंतर, आधी मुलीची पॉलिसी वाचा

प्रश्न : वय ४०, टोकियोत आयटीत नोकरी. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी ९ वर्षांची. गेल्या सहा वर्षांत जपानी चित्रकार कावासे हासुईंच्या ११ वुडब्लॉक प्रिंट (लाकडी ठशांवरून कागदावर छापलेली चित्रं) घेतल्या. आता १९२३च्या टोकियोच्या भूकंपाआधीची, पावसाची एक प्रिंट ४ लाख रुपयांना मिळते आहे. बोनसमधून घेऊ का? विक्रेता म्हणतो, किंमत वर्षाला १२ टक्के वाढते. मुलीच्या शिक्षणासाठी पॉलिसी आहेच. कमी पडलं तर प्रिंट विकता येतील.

उत्तर : ‘पॉलिसी आहेच’ वाचून तुम्ही सोबत जोडलेला तिचा कागद उघडला आणि तिथेच थांबलो. मुलगी पाच वर्षांची असताना घेतलेली, मुदत २० वर्षं. पैसे येतील तेव्हा ती २५ची असेल. कॉलेजची फी १८व्या वर्षी लागते! पॉलिसीच्या नावात ‘चाइल्ड’ आहे, म्हणून तारीख कुणी पाहिलीच नाही.

आता आकडे. वर्षाला ३ लाख, १२ वर्षं, म्हणजे ३६ लाख भरून शेवटी ६६ लाख. ऐकायला जवळपास दुप्पट, पण परतावा वर्षाला जेमतेम सव्वाचार टक्के. आणि विमा किती? ३० लाख. घरात कमावणारे तुम्ही एकटे. उद्या तुम्हाला काही झालं तर ३० लाखांत दोघींचं किती वर्षं भागेल? ज्याने ही विकली त्याचा मला राग येतो.

आधी दोन कोटींचा टर्म प्लॅन, म्हणजे बचतीशिवायचा निव्वळ आयुर्विमा, घ्या. तो हातात आल्यावर विमा कंपनीकडून पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी चालू ठेवली तर मुदतीअखेर मिळणारी) आणि सरेंडर (आताच बंद केली तर मिळणारी), दोन्ही रकमा लेखी मागवा. चार हप्ते गेले, त्यांचं दुःख बाजूला ठेवा; उरलेले २४ लाख तरी वाचवा. तेच महिना २५ हजार आठ वर्षं इक्विटी फंडात (शेअर बाजारात गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) गेले आणि वर्षाला १० टक्के मिळाले, तर नवव्या वर्षाअखेर ४० लाखांच्या आसपास होतात. हमी नाही, पण पैसे १८व्या वर्षी हाताशी असतील. ती पंधराची झाली की थोडे थोडे काढून एफडीत टाका.

आता प्रिंट. भूकंपानंतरच्या आगीत प्रकाशक वतानाबे शोझाबुरोंचं दुकान, कोरलेले ठसे आणि हासुईंच्या रेखाटनांच्या वह्या जळाल्या. त्याआधीच्या प्रिंट दुर्मीळ आहेत, हे खरंच. पण परत विकायला गेलात आणि दुकानदाराने निम्मी किंमत दिली, तर विक्रेत्याचे १२ टक्के खरे धरूनही नुसतं मुद्दल सुटायला सहा वर्षं जातात. शिक्षणाच्या हिशेबात या अकरा प्रिंटची किंमत शून्य धरा.

टर्म प्लॅन झाला आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असला, तर जरूर घ्या. मलाही हासुई फार आवडतात. टोकियोतल्या झोजोजी मंदिराच्या लाल दरवाजासमोर, बर्फात छत्री पुढे झुकवून चाललेली ती बाई कितीही वेळा पाहिली तरी पुरत नाही. पण तुमच्या फोटोत दोन प्रिंट बाल्कनीसमोरच्या भिंतीवर आहेत. उन्हाने रंग उडतात, त्या आजच उतरवा. आणि नवी घेताना फ्रेममधून काढायला लावून दोन्ही बाजू पाहा : कागद डकवलेला आहे का, कडा कापल्या आहेत का, प्रकाशकाचा शिक्का कोणत्या काळातला आहे. विक्रेता फ्रेम उघडायला तयार नसेल तर पैसे देऊ नका.