डीएलएसवर १२५, टीईएमवर ८५ नॅनोमीटर: लायपोसोमचा कोणता आकार खरा धरायचा?

तुम्ही लिहिलंय की पेगचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचं) आवरण असलेले तुमचे लायपोसोम (औषध भरायच्या, मेदाच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या) १० टक्के सुक्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) आहेत, डीएलएस (कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारं तंत्र) १२५ नॅनोमीटर दाखवतं, साध्या टीईएमवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) ८५ येतात आणि सर म्हणतात, लहान आकडा देऊन टाका. कृपा करून असं करू नका. मी फॉर्म्युलेशनच्या लॅबमध्ये बरीच वर्षं हेच मोजत आलोय. आधी एवढंच बघा: सॉफ्टवेअरमध्ये द्रव म्हणून काय निवडलंय?

डीएलएसला कण दिसत नाही. कण द्रवात किती चपळाईनं हलतो हे ते टिपतं आणि द्रवाची विस्कॉसिटी (दाटपणा) धरून त्यावरून व्यास काढतं. १० टक्के सुक्रोजची विस्कॉसिटी पाण्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त असते. मेनूत 'पाणी' तसंच राहिलं असेल, तर ९५ चा कण १२५ च्या आसपास दिसणारच. हीच चूक आमच्याकडे झाली होती. दोन महिने आम्ही एक्सट्रूडरच्या (लायपोसोम बारीक छिद्रांतून दाबून ठरावीक आकाराचे करणाऱ्या यंत्राच्या) मेम्ब्रेन बदलत बसलो, चांगल्या बॅच फेकल्या. अजून जीव हळहळतो. तापमानाचंही तसंच: नमुना २० अंशांवर आणि सेटिंग २५ वर असेल, तर नुसत्या पाण्यातसुद्धा आकार १४ टक्क्यांच्या आसपास फुगलेला येतो.

नमुना डायल्यूट करायचा तर त्याच बफरनं, तोही गाळून घेतलेला. नुसतं पाणी घातलं तर ऑस्मोसिसनं लायपोसोम फुगतात, औषध गळूही शकतं.

एवढं करूनही थोडा फरक उरेल, आणि तो उरायलाच हवा. डीएलएसच्या व्यासात पेगचा थर आणि त्याच्यासोबत फिरणारं पाणी येतं. टीईएमला तो थर जवळजवळ दिसत नाही, शिवाय तिथे नमुना वाळवलेला असतो, त्यात लायपोसोम चपटे होतात, आक्रसतात. जमलं तर क्रायो-टीईएम (नमुना न वाळवता झटकन गोठवून बघणं) करून घ्या. १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या डॉक्सिलसारख्या लायपोसोममध्ये तर आतला औषधाचा कांडीसारखा स्फटिकही त्यात दिसतो.

मात्र चित्रांमध्ये मोजून मोजून काहीशे कण मोजले जातात. मोजके गठ्ठे त्यातून सहज निसटतात, डीएलएसमधून निसटत नाहीत, कारण बारीक कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १५० नॅनोमीटरचा एक कण १५ नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो. म्हणून पीडीआय (कणांचे आकार किती वेगवेगळे आहेत ते सांगणारा आकडा) ०.२ च्या वर गेला असेल तर झेड-अ‍ॅव्हरेजवर (डीएलएस देतं त्या सरासरी व्यासावर) विसंबू नका. नमुना आधी फील्ड-फ्लो फ्रॅक्शनेशननं (वाहत्या द्रवात कण आकारानुसार वेगळे करायच्या पद्धतीनं) वेगळा करा आणि मग मोजा.

रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे द्या, सोबत द्रव, विस्कॉसिटी, तापमान, किती पट डायल्यूट केलं आणि पीडीआय लिहा. सुक्रोजची विस्कॉसिटी टाकून तोच डेटा आजच पुन्हा काढून बघा. नवा नमुना लागत नाही. आकडा ९५ च्या जवळ आला तर सरांना दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवा. नाहीच आला, तर पीडीआय आणि डीएलएसचा कोरिलेशनचा आलेख (विखुरलेल्या प्रकाशातले चढउतार किती लवकर बदलतात ते दाखवणारा) इथे टाका, मी बघतो.